आत्या कुठल्या पानावर आहे

पान उलटल्याचा आवाज उशिरा आला.

दुरुस्ते खुर्चीत डोळे मिटून पडले होते. त्यांनी डोळे मिटले की त्यांचे कान जागे होतात, हे त्यांच्या बायकोला, म्हणजे बाईंना, इतक्या वर्षांत कळायला हवं होतं. बाई समोर दिव्याखाली बसून कादंबरी वाचून दाखवत होत्या. एका बंदरावरच्या जकात कारकुनाची कादंबरी, चांगली जाडजूड आणि बारीक टाइपातली. तसल्या टाइपात एका पानावर किती मजकूर मावतो हे दुरुस्त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. पान संपायला हवं होतं तिथं ते संपलं नाही. कारकुनाची विधवा बहीण, म्हणजे त्याच्या पोरांची आत्या, आपल्या भावाला बोलतच राहिली, बोलतच राहिली, आणि मग कुठं कागद वाजला. त्यानंतर मात्र दोन पानं एकदम उलटली गेली आणि कारकून बंदरावरून थेट घरात येऊन जेवायला बसला. वाटेत त्याला समुद्रसुद्धा लागला नाही.

दुरुस्त्यांच्या मनात पाल चुकचुकली.

"पानं चिकटली होती का गं?" त्यांनी विचारलं.

"नाही हो. का?"

"काही नाही. वाच."

बाई वाचू लागल्या. दुरुस्ते ऐकत राहिले, पण आता ते कादंबरी ऐकत नव्हते, बाईंना ऐकत होते.

दुरुस्ते हे काही त्यांचं आडनाव नव्हे. छापखान्यात सगळे त्यांना याच नावानं हाक मारत, कारण दिसेल ते दुरुस्त केल्याशिवाय त्यांना घास गिळवत नसे. प्रुफं तपासायचं काम त्यांचं. लेखकाची मूळ प्रत मोठ्यानं वाचायचं काम बाईंचं. समोरासमोर बसून, बाई वाचणार आणि दुरुस्ते प्रुफावर नजर ठेवून चुका धरणार, असा तो धंदा होता. बाई स्वल्पविरामसुद्धा तोंडानं म्हणायच्या. लेखकानं गाढवपणा लिहिला असेल तर तोही जसाच्या तसा वाचायच्या, चेहऱ्यावरची रेषही न हलवता. मूळ प्रतीतला एखादा शब्द बाईंच्या तोंडून सुटला किंवा पदरचा एखादा घुसला, असं कधी झालं नाही. लग्नही त्याच टेबलावर जमलं. लोक म्हणत, बाई बोलतात आणि दुरुस्ते चुका काढतात, म्हणजे या दोघांचा संसाराचा सराव आधीच झालाय.

पुढं छापखाना बंद झाला आणि दुरुस्त्यांचे डोळे गेले. अगदी गेले असंही नाही. दोन्ही डोळ्यांच्या मधोमध एक डाग बसला. माणसाकडे बघितलं की त्याचा चेहराच नाहीसा व्हायचा आणि कान तेवढे दिसायचे. पानाकडे बघितलं की समास दिसायचा, मजकूर गायब. भिंग लावून दोन ओळी वाचल्या की डोकं भणभणायचं, आणि फोनच्या उजेडानं डोळ्यांना धार लागायची. तेव्हापासून रोज संध्याकाळी बाई वाचायच्या. दुरुस्त्यांचा दिवस त्या संध्याकाळच्या आशेवर कसाबसा ढकलला जायचा.

आणि आता त्या वाचनातच पाणी मुरत होतं.

दुरुस्त्यांनी मग पाळतच ठेवली. प्रत्येक संध्याकाळी कान टवकारून बसायचे. कुठं पान लवकर उलटतं, कुठं बाई खाकरतात, कुठं आवाज खाली जातो, सगळं मनात टिपून ठेवायचे. निष्कर्ष एकच निघत होता. बाई मजकूर गाळत होत्या. लांबलचक वर्णनं तर गाळतच होत्या, पण त्याचं त्यांना वाईट वाटलं नसतं. तो लेखक एका लाटेला तीन परिच्छेद लावणारा होता. त्यांना खात्री वाटत होती की बाई त्यांच्यापासून काहीतरी लपवताहेत. आजारपण असेल, आंधळेपण असेल, कुणाचं तरी मरण असेल. नवऱ्याला सोसणार नाही म्हणून बाई काटे काढून मासा भरवावा तसं पुस्तक भरवत होत्या.

हे दुरुस्त्यांना फार लागलं. जन्मभर ज्यानं मूळ प्रतीशी इमान राखलं त्याच्या कानात गाळीव माल ओतायचा, आणि तोही बाईंनी. आता बाईंचे डोळे तेच आपले डोळे. ते खोटं सांगायला लागले तर पत्रं, बातम्या, औषधाच्या बाटलीवरचं नाव, कशावरच विश्वास ठेवता येणार नव्हता. विचारायची सोयही नव्हती. विचारलं असतं तर बाई नाही म्हणाल्या असत्या, आणि ते ‘नाही’ तरी खरं कशावरून?

गंमत अशी की आत्याच्या भागाबद्दल त्यांना तिळभरही संशय नव्हता. कारकून बोलायला लागला की वाक्यं पल्लेदार आणि पोकळ व्हायची, तोच माणूस बहिणीसमोर आला की पुस्तकात जीव यायचा. आत्याचं एकेक वाक्य घासूनपुसून ठेवलेलं असायचं. त्यात चूक सापडायची नाही, आणि जिथं चूक नाही तिथं दुरुस्ते कधी थांबत नसत. ही त्यांची जुनी खोड. लेखकानं ही एक बाई पाहून लिहिलीय, बाकीची माणसं मनानं रचलीत, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

"दादा, तू कधी चुकत नाहीस हे या घराला पाठ झालंय," आत्या एकदा म्हणाली होती. "आता एकदा चुकून दाखव, म्हणजे तुझ्याशेजारी बसता येईल."

दुरुस्ते खुर्चीत खदखदून हसले होते.

आणखी एकदा आत्या म्हणाली होती, "नवरा गेल्याचं तुला सांगायला आले तेव्हा मला शब्द फुटत नव्हता. रडताना ‘काल’ म्हणायच्या जागी तोंडातून ‘उद्या’ निघालं. आणि तू काय म्हणालास, आठवतंय? ‘काल. काल गेले म्हण.’"

त्या वेळी दुरुस्ते हसले नव्हते. "काय दगड आहे हा कारकून," ते म्हणाले होते. "असल्या माणसाबरोबर राहते कशी ती?"

"हं," बाई म्हणाल्या होत्या आणि पान उलटलं होतं.

यंत्राची गोष्ट काढली ती भाचीनं. ही दुरुस्त्यांच्या बहिणीची मुलगी, दोन गल्ल्या पलीकडे राहणारी. सुट्टीच्या दिवशी यायची, मामाची औषधं लावून द्यायची आणि बाजारात जे नवीन निघेल त्याची माहिती पुरवून जायची.

"मामा, तुझ्यासाठी नुसतं पुस्तकं वाचायचं यंत्र घेऊ या," ती म्हणाली. "त्यावर फोन नाही, बातम्या नाहीत, दुसरं काहीच नाही. कागदासारखं दिसतं, डोळ्यांवर उजेड मारत नाही. आणि अक्षर हवं तेवढं मोठं होतं. डॉक्टर म्हणालेच होते ना, मोठं आणि ठळक असेल तर कडेच्या नजरेनं वाचता येईल?"

दुरुस्ते काही बोलायच्या आत बाई म्हणाल्या, "कशाला ते? मी वाचते की."

"तुलाही जरा मोकळीक मिळेल मामी."

"मला कुठं मोकळीक हवीय? आणि त्यांना त्या यंत्रांचं काय जमणार? कालच टीव्हीच्या रिमोटनं पंखा लावत होते."

एरवी दुरुस्त्यांनीच नाक मुरडलं असतं. छापलेलं नाही ते पुस्तक नाही, असं त्यांचं मत होतं आणि ते कुणी न विचारता ते सांगत असत. पण बाईंचा तो घाईघाईचा नकार ऐकला आणि त्यांचं डोकं चालू लागलं. हिला नको आहे. का नको आहे? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. आपल्या हातात मूळ प्रत आली की गाळलेलं सगळं उघडं पडणार. हवं तर हेच यंत्र हवं.

"बघू या तरी," दुरुस्ते म्हणाले. "बघायला काय जातंय?"

भाचीनं टाळी वाजवली. बाई स्वयंपाकघरात गेल्या आणि भांडी जरा जास्तच वाजली.

त्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. बाई फोन घेऊन गॅलरीत जायच्या आणि दार ओढून घ्यायच्या. पलीकडे कोण असायचं ते दुरुस्त्यांना ठाऊक होतं. छापखान्यात पुस्तकं शिवणारी एक मैत्रीण होती बाईंची, आता दूर डोंगरातल्या एका गावी एकटीच राहायची. वर्षानुवर्षं ती बाईंना बोलावत होती. पूर्वी ते फोन स्वयंपाकघरात उभ्या उभ्या, सगळ्यांच्या देखत व्हायचे. आता दाराआडून नुसती कुजबुज. "अगं कशी येऊ?" एवढंच एकदा नीट ऐकू आलं. "यांना सोडून कशी येऊ?"

दुरुस्त्यांनी तेही आपल्या संशयाच्या पोतडीत टाकलं. आपल्या नावानं तिथं रड चालली असणार. आंधळ्याची काठी झाले आहे वगैरे.

दुकानात जायच्या आदल्या संध्याकाळी आत्यानं कहर केला. ती उठली, कपाटावरची ट्रंक खाली काढली आणि साड्या भरायला लागली. भाऊ दारात उभा राहून बघत होता. "कुठं निघालीस?" त्यानं विचारलं. "माझ्या मैत्रिणीकडे," आत्या म्हणाली. "दोन महिने. तिथं एक झाड आहे म्हणे, त्याच्याखाली बसायचं आणि कुणाला काही वाचून, वाढून, आणून द्यायचं नाही."

आणि बाईंनी पुस्तक मिटलं.

"पुढं?" दुरुस्ते उठून बसले.

"उरलेलं उद्या. घसा बसलाय."

"अगं, पण जाते का ती?"

"मी तरी कुठं पुढचं वाचलंय?" बाई म्हणाल्या.

रात्रभर दुरुस्त्यांना वाटत राहिलं, आत्या मरणार. हेच बाई लपवताहेत. ती त्या गावी जाणार आणि मरणार, आणि बाई ते गाळून तिला सुखरूप परत आणणार. उद्या ते यंत्र हातात आलं की आधी शेवट बघायचा, असं ठरवूनच ते झोपले.

दुकान मोठं होतं, पांढऱ्याफटक उजेडाचं. यंत्रांच्या टेबलामागं एक विक्रेती मुलगी होती. दुरुस्त्यांना तिचे कानातले डूल आणि निळी बाही दिसली, चेहरा नाही. तिनं तीन यंत्रं मांडली. पहिलं खिशात मावेल एवढं, दुसरं शाळेतल्या पाटीएवढं, तिसरं मधल्या आकाराचं आणि कडेला दोन बटणं असलेलं.

"हे छोटं फार सुटसुटीत आहे," मुलगी म्हणाली.

"हरवेल," बाई म्हणाल्या.

"मग हे मोठं घ्या. अक्षर मोठं केलं तरी ओळीत बरेच शब्द मावतात."

"मनगट दुखेल त्यांचं."

"मांडीवर ठेवता येतं काकू."

"मग मान दुखेल."

भाची हसली. दुरुस्ते हसले नाहीत. त्यांना यंत्रावरही संशय होताच, आणि तो त्यांनी लपवला नाही. "पान नंबर कुठाय?" त्यांनी विचारलं.

"अक्षर मोठं केलं की पानं वाढतात ना काका. म्हणून हे टक्के दाखवतं. तुमचं किती टक्के वाचून झालं ते."

"टक्के? पुस्तक आहे की परीक्षेचा निकाल?"

"आणि तुम्ही जिथं थांबता ते हे लक्षात ठेवतं."

"आणि सांगतं कुणाला?"

"कुणालाच नाही." मुलगी जरा घुटमळली. "म्हणजे, कंपनीला."

"म्हणजे सांगतं."

"हे मोठं वाचूनही दाखवतं काका. आवाजात. मग तुम्हाला बघायलाच नको."

"नको," दुरुस्ते म्हणाले आणि बाईंच्या दिशेनं मान वळवली. "वाचून दाखवणाऱ्यानं मधलं काय गाळलं ते ऐकणाऱ्याला कळत नाही."

बाईंच्या पिशवीचा बंद तेवढा वाजला. दुरुस्त्यांना वाटलं, बाण लागला.

भाचीला फोनची फुटलेली काच बदलून घ्यायची होती. ते काम वरच्या मजल्यावर होतं. "मामी, चल ना माझ्याबरोबर," म्हणून ती बाईंना जवळजवळ ओढूनच घेऊन गेली. बाईंची चप्पल जिन्याच्या पायऱ्यांवर वाजेनाशी होईपर्यंत दुरुस्ते गप्प बसले. मग त्यांनी टेबलावर पुढं झुकून त्या कादंबरीचं नाव सांगितलं.

"हे पुस्तक आहे का यात?"

"आहे की," मुलगी म्हणाली. "दुकानाच्या यंत्रावर अख्खं वाचता येतं."

तिनं मधल्या यंत्रावर कादंबरी उघडली आणि अक्षर वाढवत नेलं. दुरुस्त्यांनी मान थोडी वळवून, डोळ्याच्या कडेनं बघितलं. आधी नुसती काळी रांग दिसली. मग ती रांग सुटी झाली. ‘बंदरावर’, मग ‘त्या’, मग ‘दिवशी’. ओळीत तीनच शब्द होते, पण ते तीन शब्द त्यांनी स्वतः वाचले होते. त्यांनी कडेचं बटण चाचपलं आणि दाबलं. पुढचे शब्द आले. किती महिन्यांनी कुणाच्या तोंडाकडे न बघता त्यांना एक वाक्य मिळालं होतं. त्यांना इतका आनंद झाला की क्षणभर ते कशासाठी आले होते तेच विसरले.

"जमतंय काका," मुलगी म्हणाली.

"जमतंय." दुरुस्त्यांनी यंत्र तिच्यापुढं सरकवलं. "आता मला एक सांग. एखादं माणूस पुस्तकात कुठं कुठं आलंय ते यात शोधता येतं?"

"येतं ना. कोण शोधायचं?"

"आत्या. तिचं शेवटी काय होतं ते बघायचंय."

मुलीनं टकटक केलं. "नाही येत."

"नीट बघ. आत्या. पुस्तकभर आहे ती."

"नाही काका, एकदाही नाही. आत्याबाई बघू का?"

आत्याबाई नव्हती. आक्का नव्हती, ताई नव्हती, विधवा म्हणूनही कुणी नव्हतं. दुरुस्त्यांचा पहिला विचार असा की यंत्र लबाड आहे. यांनी मजकूर कापून आत भरलाय. असल्या यंत्रावर विश्वास ठेवणारा वेडा. "बहीण बघ," ते म्हणाले. "कारकुनाची बहीण."

"बहीण एकदा आहे. अगदी सुरुवातीलाच."

तिनं ते पान काढून अक्षर मोठं करून दिलं. दुरुस्त्यांनी बटण दाबत दाबत ते वाक्य वाचलं. जकात कारकुनाला जगात ना भाऊ होता, ना बहीण.

त्यांनी पुन्हा वाचलं. वाक्य लेखकाचंच होतं. तशी पल्लेदार ठेवण दुसऱ्या कुणाची नव्हती. यंत्र खोटं बोलत नव्हतं.

मग उशिरा उलटणारी ती पानं आठवली. गाळल्यामुळं पान लवकर संपतं, उशिरा नाही. एवढं साधं गणित, आणि ज्यानं जन्म पानं मोजण्यात घालवला त्याला ते सुचू नये. बाई गाळत होत्या ते लेखकाचं, आणि त्या जागी भरत होत्या ते स्वतःचं. जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं स्वल्पविरामासकट म्हटलेली बाई, कुणी बघत नाही म्हटल्यावर स्वतःचं बोलायला लागली होती. आणि ऐकायला समोर कारकून बसलाच होता.

‘काल. काल गेले म्हण.’

बाईंची थोरली बहीण वारली तेव्हा बाई छापखान्यात आल्या होत्या, टेबलाला धरून उभ्या राहिल्या होत्या. "ताई उद्या गेली," म्हणाल्या होत्या. आणि प्रुफावरून मान वर न करता दुरुस्ते म्हणाले होते, "काल." तो दगड कोण, हे त्यांनी स्वतःच्याच तोंडानं सांगितलं होतं, आणि बाईंनी नुसतं ‘हं’ केलं होतं. त्यांना इतकी लाज वाटली की कान तापले. पाठोपाठ भीती वाटली. कारण आत्यानं काल ट्रंक भरली होती.

"काका, बरं वाटत नाहीये का?" मुलीनं विचारलं.

"बरं आहे."

त्यांना बरं नव्हतं. यंत्र हातात होतं आणि ते आता नुसतं यंत्र राहिलं नव्हतं. हे घरी नेलं की बाईंना कुणी अडवणार नव्हतं. नवरा आपलं आपण वाचतो म्हटल्यावर डोंगरातल्या गावी जायला मोकळ्या. आणि नेलं नाही, तर बाई जाणार नाहीत. रोज संध्याकाळी समोर बसतील, आत्या ट्रंक पुन्हा कपाटावर ठेवेल, काहीतरी कारण काढेल, आणि दुरुस्त्यांना ती आयुष्यभर ऐकायला मिळेल. नको म्हणणंही किती सोपं होतं. यात पान नंबर नाही, एवढं म्हटलं असतं तरी कुणाला शंका आली नसती.

जिन्यावर चप्पल वाजली. बाई आल्या. त्यांना धाप लागली होती, घाईनं उतरल्या असाव्यात.

"काय वाचत होतात?" त्यांनी विचारलं. आवाज साधा ठेवला होता, पण दुरुस्त्यांना तो आवाज स्वतःच्या आवाजापेक्षा जास्त ओळखीचा होता. बाईच आता पाळतीवर होत्या.

"अक्षर तपासत होतो."

"मग? नाहीच ना जमत? मी म्हटलंच होतं. चला, नको घ्यायला."

दुरुस्त्यांनी यंत्राच्या कडेचं बटण पुन्हा एकदा चाचपलं.

"हे बटणांचं घेऊ या," ते म्हणाले.

परतताना बसमध्ये बाई खिडकीकडे तोंड करून बसल्या. दुरुस्त्यांना त्यांचा एक कान तेवढा दिसत होता. भाची एकटीच बोलत होती. यंत्राला कुठलं कव्हर घ्यावं, चार्जिंग किती दिवस टिकतं. तिला घरी सोडून दोघं जिना चढले.

संध्याकाळी बाईंनी नेहमीप्रमाणे दिवा लावला आणि कादंबरी घेऊन समोर बसल्या. पण उघडली नाही. दुरुस्त्यांच्या मांडीवर नवं यंत्र होतं. ते अजून सुरूच केलेलं नव्हतं. असल्या यंत्राच्या पडद्यावर बंद असतानाही एक चित्र राहतं, हे दुरुस्त्यांच्या अंदाजानं झाडाचं होतं, किंवा माणसाचं. बाईंना ते स्वच्छ दिसत असणार.

"आत्याचं पुढं काय झालं?" दुरुस्त्यांनी विचारलं.

"तुमच्याकडे आहे की आता," बाई म्हणाल्या. "तुम्हीच बघा."

"तू सांग. काल तू ट्रंकेपर्यंत आली होतीस."

"ट्रंक घेऊन दाराशी येते ती." पुस्तक अजून मिटलेलंच होतं. "भाऊ तिथंच उभा असतो. तो काय म्हणतो ते... ते मला लागत नाहीये."

"माझ्याकडे आहे," दुरुस्ते म्हणाले.

त्यांनी यंत्र उचलून डोळ्याच्या कडेशी धरलं. आयुष्यात त्यांनी कुणाच्या मजकुरात पदरचा एक शब्द घातला नव्हता. लेखक चुकला तरी समासात प्रश्नचिन्ह टाकून गप्प बसायचे.

"‘भाऊ म्हणाला,’" त्यांनी वाचायला सुरुवात केली, "‘जा. दोन महिने म्हणतेस, तर दोन महिने राहा. मी माझं वाचेन. चुकेनही, पण इथं बघायला कोण आहे?’"

बाई ऐकत होत्या. त्यांच्या बांगड्यासुद्धा हलल्या नाहीत.

"असं म्हणतो तो?" त्यांनी शेवटी विचारलं. "मला नाही खरं वाटत. इतक्या पानांत एकदाही असं बोललेला नाही."

"माझ्या प्रतीत आहे."

"एवढंच आहे? बघा नीट. खाली आणखी काही असेल."

दुरुस्त्यांनी बटण दाबलं. बंद यंत्राचं बटण, त्यानं काय होणार. पण दाबलं, आणि पडद्याकडे बघत राहिले.

"आहे," ते म्हणाले. "‘त्या दिवशी तू रडत आलीस. मी उठून तुझ्याजवळ यायला हवं होतं. मी तुझा शब्द सुधारला. तेवढंच मला येत होतं.’"

बाईंनी डोळ्यांना पदर लावला असावा. दुरुस्त्यांना दिसलं नाही, नुसतं नाक ओढल्याचं ऐकू आलं. मग पुस्तक टेबलावर ठेवल्याचं.

"हे बरोबर आहे," बाई म्हणाल्या, आणि कपाटावरची बॅग काढायला स्टूल शोधू लागल्या.